वंदनाताई, मणक्यांचं भांडण अर्धंच राहिलं

वंदनाताई, परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच, मोठा करून छापलेला, त्यामुळे चेहरा पुसट झालेला. हार घातला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि मग कौस्तुभ बोलायला पुढे आला. आपला टीम लीडर कौस्तुभ, ज्याच्याशी तू सतत भांडत आलीस. "वंदनामॅडम अतिशय शांत आणि समजूतदार होत्या," तो म्हणाला. "त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

मी मागे उभी होते. रडू यायला हवं होतं, पण रागच आला. शांत, आणि तू? तुझ्या आवाजानं पलीकडच्या खोलीतले लोक माना वर करून बघायचे. तू गेलीस आणि लगेच त्यांनी तुला गुळगुळीत करून टाकलं. तुझं भांडणसुद्धा तुझ्या नावावर ठेवलं नाही.

म्हणून हे लिहितेय. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, हे त्या फोटोखाली छापलं होतं. मला ते सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय.

मी २००७ साली जालन्याहून आले तेव्हा बावधनच्या त्या काचेच्या इमारतीत नेमकं काय चालतं, हे मला घरी समजावून सांगता यायचं नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यात ऑपरेशन होतं, सर्जन काय केलं ते सगळं लिहून ठेवतो, तो चार्ट आपण इथे बसून वाचायचा आणि त्याला नेमून दिलेला कोड लावायचा. त्या कोडवर तिकडचं बिल निघतं आणि त्या माणसाच्या नावावर तेच कायमचं नोंदलं जातं. बाबा म्हणाले, "म्हणजे कारकुनी." मी हिरमुसून तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "कारकुनीच आहे. फक्त ती चुकली तर माणसाच्या पाठीत नसलेलं काहीतरी कागदावर आयुष्यभर राहतं."

तू होमिओपॅथीची डॉक्टर. अंबाजोगाईला दवाखाना काढलास, तो चालला नाही, संसारही मोडला, आणि तू इकडे आलीस. हे तू पहिल्याच आठवड्यात, डबा खाताखाता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगून टाकलंस. मग म्हणालीस, "आता माझं पुरे. डावा हात पुढे कर."

रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आत फोन, पेन, कागद काहीच न्यायला परवानगी नव्हती. त्यामुळे पाठीचा कणा तू मला माझ्याच बोटांवर शिकवलास. "ही तीन पेरं म्हणजे तीन मणके. मधे सांधे किती?" मी म्हटलं, तीन. तू माझं बोट मोडशील की काय असं दाबलंस. "दोन. मणके मोजायला सांगितले तर मणके मोज, सांधे सांगितले तर सांधे. अर्धे लोक इथंच मरतात."

आणि फ्यूजन. मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन. मला वाटायचं, स्क्रू मारले, सळ्या बसवल्या, दोन मणक्यांच्या मधे तो धातूचा पिंजरा ठेवला, की झालं. तू विचारलंस, "आंब्याचं कलम बांधताना पाहिलंस कधी? सुतळी बांधतात ना? मग सुतळी म्हणजे कलम का? फांदी फांदीत जीव धरते तेव्हा कलम होतं, तोवर हलू नये म्हणून सुतळी. स्क्रू, सळ्या, पिंजरा ही सगळी सुतळी. हाड घातलंय का ते शोध. हाडाचा चुरा, हाडपेढीतलं हाड, नाहीतर त्याच्या बदलीचं काही. ते नसेल तर फ्यूजन नाही, मग वर काहीही लिहिलेलं असो."

इतकं नीट मला कॉलेजात कुणी काही शिकवलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "मग कालच्या चार्टात का चुकलीस?"

तूच मला बावधनच्या पुढच्या चांदे गावात सुमनकाकूंकडे खोली मिळवून दिलीस, तुझ्या शेजारची. काकूंनी रस्त्याकडची जमीन विकून मागच्या तुकड्यात आठ खोल्या बांधल्या होत्या. सगळ्या हिंजवडीला नाहीतर बावधनला जाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी भरलेल्या. काकूंना सगळ्यांची नावं पाठ, फक्त आपण काय काम करतो ते त्यांना पटायचं नाही. "अमेरिकंच्या लोकांची पाठ दुखती, अन् तुमी हितं बसून बगता? आन् माजी दुखती ती कोन बगायचं?"

काकूंची पाठ खरंच दुखायची. कमरेतला एक मणका पुढं सरकला होता. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, आणि त्या गच्चीवर वाळवण घालायलाही जिन्याच्या कठड्याला धरून चढायच्या. डॉक्टरला दाखवा म्हणून तू त्यांच्यामागे लागलीस, आणि त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. हे आता आठवतं तेव्हा मला तुमच्या दोघींचाही राग येतो, पण तुझा जास्त. कारण दुसऱ्याच्या बाबतीत काय करायचं हे तुला इतकं स्वच्छ कळायचं.

मग ते प्रकरण सुरू झालं. एका सर्जनची ऑपरेशनं आपल्याकडे सारखी यायला लागली. प्रत्येकावर शीर्षक फ्यूजन. आत वाचलं तर दोन मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये एक छोटं साधन बसवलेलं, बाकी हाडाचा उल्लेख कुठेच नाही. आत फ्यूजन झालेलंच नसायचं. त्या साधनाचा कोड वेगळा, आणि त्याचं बिलही पुष्कळ कमी. तू फ्यूजन लावायला नकार दिलास आणि प्रत्येक चार्ट प्रश्न विचारण्यासाठी परत पाठवायला लागलीस. चार्ट अडकले की टीमचा आकडा पडायचा, आणि आकडा पडला की कौस्तुभला बोलणी बसायची.

तो तुझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तो दिवस मला लख्ख आठवतो.

"मॅडम, हेडिंगला फ्यूजन लिहिलंय ना? मग फ्यूजन लावा. आपण सर्जनपेक्षा शहाणे आहोत का?"

"हेडिंग काय," तू म्हणालीस, "माझ्या लग्नपत्रिकेवरही शुभविवाह लिहिलं होतं."

सगळे हसले, जरा चाचरत. कौस्तुभ हसला नाही.

इथं माझं आणि तुझं भांडण सुरू होतं, ताई, आणि ते मी अजून सोडलेलं नाही. तू बरोबर होतीस. पण बरोबर असण्याचा तुला माज होता. पहिला प्रश्न तू सभ्यपणे विचारलास: हाड घातलं का, घातलं असल्यास कुठून घेतलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी आणखी लांब लिहिलंस. शेवटी तू लिहिलंस, की हाडाशिवाय मणके कसे जुळतात हे सांगितलंत तर आमच्या ज्ञानात भर पडेल. त्याचं उत्तर मात्र झटकन आलं, ते कौस्तुभच्या वरच्या साहेबांना. पुढच्या सोमवारी तुला मणक्यांच्या कामावरून काढून खालच्या मजल्यावर एक्स-रेच्या रिपोर्टांवर बसवलं. छातीचा एक्स-रे, गुडघ्याचा एक्स-रे, एकेक ओळीचे रिपोर्ट. जिनं निम्म्या टीमला कणा शिकवला तिला.

त्या संध्याकाळी आपण चांद्याच्या गच्चीवर होतो. काकूंनी दिलेल्या ओल्या शेंगा खात होतो.

"तीन ओळींत विचारायचं होतंस," मी म्हटलं. "नुसतं हो की नाही. त्याला टोमणा कशाला मारलास?"

"टोमणा नव्हता. शंका होती."

"ताई, तो माणूस तुला कधी दिसणारसुद्धा नाही. ना तो डॉक्टर, ना तो पेशंट. कशासाठी एवढं?"

तू शेंग फोडता फोडता थांबलीस. "तो पेशंट पाच वर्षांनी पाठ धरून परत जाईल. नवा डॉक्टर जुने कागद बघेल आणि म्हणेल, याचे मणके तर जुळवलेले आहेत, मग दुखतंय कसं, सोंग करतोय. तेव्हा त्याच्या बाजूनं कोण बोलणार? तू?"

"मग टिकून राहायचं ना त्या खुर्चीत, त्याच्या बाजूनं बोलायला. आता तिथं दुसरं कुणी बसेल आणि मुकाट फ्यूजन लावेल."

तू उठलीस. टरफलं गोळा करून खाली गेलीस.

त्यानंतर मी तसेच प्रश्न पाठवत राहिले, तीन ओळींचे, गोड. बहुतेकांना उत्तर आलं नाही. एकदा आलं. सर्जनच्या ऑफिसनं कळवलं, हाड घातलेलं नाही. मी धावत खालच्या मजल्यावर आले. "माझ्या तीन ओळींना उत्तर आलं," मी म्हटलं. तू एक्स-रेवरची नजरही न काढता म्हणालीस, "माझ्यामुळे घाबरलेत म्हणून आलं." यातलं खरं काय, हे आता कोण ठरवणार?

काकू मात्र शेवटी तयार झाल्या, त्याही तुझ्यामुळेच. त्या पाऊल ओढत चालायला लागल्यावर तू त्यांच्या मुलाला गाडी काढायला लावलीस आणि आपण सगळे पुण्याला सर्जनकडे गेलो. त्यांनी फोटो लावून समजावलं, दोन मणके स्क्रूनं धरून जोडावे लागतील. तुझ्यानं राहवलं नाही. "नुसते स्क्रू, की हाडही घालणार?"

ते सर्जन भले होते. हसून म्हणाले, "हाड न घालता स्क्रू टाकून काय करू? काही महिन्यांत ढिले होतील."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू ते डॉक्टर तुझ्या बाजूनं साक्ष द्यायलाच बसले होते. काकू विचारत होत्या, "काय म्हनला गं डाक्टर?"

"काकू, तुमच्या पाठीत कलम करायचंय."

"आत्ता, ह्या वयात? आन् आंबं कदी लागायचं?"

तू इतकी हसलीस की नर्सनं बाहेर येऊन गप्प केलं. ती तू होतीस, वंदनाताई. कँटीनमधल्या फोटोतली ती बाई कोण, मला माहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं. पट्टा बांधून काकू अंगणात चालायला लागल्या, आणि तू रोज त्यांची पावलं तपासायचीस. टाचेवर उभ्या राहा, चवड्यावर उभ्या राहा. त्याच दिवसांत तू स्वतः जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागली होतीस. मी विचारलं की म्हणायचीस, "ॲसिडिटी." तुझ्या पर्समध्ये त्या गुलाबी गोळ्यांची पट्टी कायम. मी म्हटलं, एकदा ईसीजी काढून घेऊ. म्हणालीस, "डॉक्टर कोण आहे?" मी म्हटलं, तू आहेस, म्हणूनच सांगतेय. म्हणालीस, "काकूंचा पट्टा सुटू दे, मग बघू." काकूंचा पट्टा सुटला. मग तुझ्या भाच्याच्या बारशाला जायचं होतं. मग तुला थंडी जाऊ द्यायची होती. दुसऱ्याच्या चार्टात एक शब्द कमी असला तर तू तो पुढे जाऊ द्यायची नाहीस. स्वतःच्या बाबतीत सगळंच पुढे ढकललंस.

तो दिवस. कंपनीची सुमो नेहमीसारखी सकाळी फाट्यावर आली. लवळ्याला कॉलेजच्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत आपण भूगावच्या रस्त्याला लागलो. मी तुला आदल्या दिवशीचा चार्ट सांगत होते. एका बाईचे खालचे दोन मणके बऱ्याच वर्षांपूर्वी जोडलेले. आता वरचा सांधा बिघडला. सर्जननं जुन्या सळ्या काढल्या, वरच्या मणक्यापर्यंत पोचतील अशा लांब बसवल्या, आणि फक्त त्या नव्या सांध्यावर हाड घातलं. जुनं फ्यूजन पुन्हा केलं म्हणायचं, की पहिल्यांदाच केलेलं नवं?

"पुन्हा केलेलं," तू म्हणालीस. "जुनं लोखंड काढून नवं घातलं ना?"

"पण तो सांधा आधी कधी जुळवलाच नव्हता. हाड तिथं पहिल्यांदाच गेलं. म्हणजे ते नवं."

"अगं, लोखंड काढलं म्हणतेस आणि—"

"लोखंड म्हणजे सुतळी," मी म्हटलं. "तूच शिकवलंस. फ्यूजन हाडावर ठरतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता सुटेल तोंड. तू खिडकीकडे मान वळवलीस आणि म्हणालीस, "संध्याकाळी बोलू. आत्ता डोकं चालत नाहीये."

मला केवढा आनंद झाला, सांगू? वंदनाताई निरुत्तर. मी बावधन येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

दुपारच्या जेवणाला मी कपाटातून फोन काढला, तेव्हा त्यावर खालच्या मजल्यावरच्या पोरींनी दवाखान्यातून केलेले कॉलच कॉल होते. तुला अकराच्या सुमारास खुर्चीतच घाम फुटला. समोरच्याच दवाखान्यात नेलं. मी वर, त्याच इमारतीत, फोनशिवाय मणके मोजत बसले होते. मी रस्ता ओलांडून गेले तेव्हा सगळं संपलं होतं.

तुझ्या भावानं तुला अंबाजोगाईला नेण्याआधी चांद्याला आणलं. सुमनकाकूंना खाली बसायला बंदी आहे, तरी त्या भिंतीला धरून बसल्या, तुझ्या उशाशी. मग मला म्हणाल्या, "माज्या पाठीचं लई बगितलं हिनं. सोताच्या छातीचं न्हाई बगितलं. आसं कसं गं वागावं शिकल्याल्या मानसानं?" काकूंना उठवायला दोघींना हात द्यावे लागले.

त्या चार्टाचं उत्तरही आलं, पुढच्या आठवड्यात. आपले कोड तपासणाऱ्यांनी कळवलं, नवा सांधा, नवं फ्यूजन. मी बरोबर होते, ताई. आणि याचा मला काडीचा उपयोग नाही. मला तू समोर असताना जिंकायचं होतं. तू ओठ आवळून "ठीक आहे" म्हटलेलं ऐकायचं होतं. आता हे कुणाला सांगू? एक्स-रेच्या पोरींना पेरं आणि सांधे यांतला फरकही ठाऊक नाही. तू त्यांना शिकवायच्या आतच गेलीस.

काल तुझा भाऊ पुन्हा आला होता. त्याच्या हातात दवाखान्यानं दिलेला तुझ्या मृत्यूचा दाखला. इंग्रजी कळेना म्हणून मला म्हणाला, वाचून दाखव, आईला सांगायचंय नेमकं काय झालं. मी वाचला. कारण म्हणून एकच ओळ: हृदय आणि श्वास बंद पडला.

पुढे तू जे म्हणाली असतीस ते मीच म्हटलं. भावाला घेऊन तडक त्या दवाखान्यात गेले आणि खिडकीवरच्या माणसाला सांगितलं, "यात कारण लिहिलेलं नाही."

"लिहिलंय की. हार्ट बंद पडलं."

"मरताना सगळ्यांचंच पडतं," मी म्हटलं. "कशामुळे पडलं?"

आधी तीन ओळींतच विचारलं होतं, ताई. सभ्यपणे. पण तो म्हणाला, असंच लिहितात, आणि मग माझा आवाज वाढला. रांगेतले लोक बघायला लागले. शेवटी त्या दिवशीच्या डॉक्टरला बोलावलं. लहान होता, माझ्याच वयाचा. त्यानं जुना कागद काढला, वाचला, आणि न कुरकुरता नवा दाखला भरायला घेतला. हृदयविकाराचा तीव्र झटका. लिहिता लिहिता म्हणाला, "आणलं तेव्हा थोडा वेळ शुद्धीवर होत्या त्या. त्यांनीच सांगितलं, पहाटे उठल्यापासून छातीत दुखतंय. डावा हातही. गाडीत बसवत नव्हतं म्हणाल्या."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी दाखला हातात घेतला आणि ओळ न् ओळ तपासला. आता त्यात काही कमी नव्हतं.

गाडीत बसवत नव्हतं. माझ्या शेजारी, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होतीस. एका अनोळखी डॉक्टरला सांगितलंस, मला नाही. मला म्हणालीस डोकं चालत नाहीये. लवळे ते बावधन वाटेत किती दवाखाने आहेत, आणि ड्रायव्हर आपल्या ओळखीचा होता. भांडण थांबवून एवढंच म्हणायचं होतंस, सुप्रिया, मला उतरव आणि दवाखान्यात ने.

मी नेलं असतं, ताई.